लीक टेस्ट

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये
दिवसाला चारशे व्हॉल्व्ह माझ्या हातून पाण्यात बुडतात.
आत हवा भरायची, टाकीत धरायचं, तीस मोजायचे.
एक बुडबुडा आला की लाल टिकली.
एकवीस वर्षं हेच.
मी लावलेली टिकली साहेबसुद्धा काढत नाहीत.

आणि मला शिंक आली, तर
टाकीची कड धरून, पाय आवळून उभी.

एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली.
जाताना दाराची कडी सैल करून गेली.
आधी हसताना. मग जिन्यात. मग
खालच्या घरात कुणी मिरच्या भाजल्या तरी.
काळी सलवार बारा महिने,
सिटी बसमध्ये सीट दाराजवळची,
पर्समध्ये घडी घातलेलं ते, जे दुकानात मागताना
मी नाव घेत नाही, बोट दाखवते.

आई त्या जागेला 'खालचं' म्हणायची.
खालचं दुखतंय. खालचं नीट धुऊन घे.
जणू आमच्याखाली कुणी भाडेकरू राहत होता.

गंगापूर रोडला दुसरा मजला, लिफ्ट बंद.
देवयानी पगार, माझ्या लेकीहून लहान,
कमरेचा प्लास्टिकचा सांगाडा मांडीवर घेऊन बसलेली.
'ही झोळी बघा, काकू. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत.
मूत्राशय, गर्भाशय, सगळा भार हिच्यावर.
ओटीपोटाचा तळ.'
तळ. टाकीला असतो तसा.
एवढं सोपं नाव होतं आणि
मला ते कळायला पन्नाशी आली.

'लघवी मध्येच थांबवताय असं मनात आणा.
फक्त मनात, तिकडे जाऊन नाही.
आत. आणि वर.
पोट नको, मांड्या नकोत, श्वास चालू ठेवा.
दहा मोजा.
आता सोडा.'
सोडलं.
'नाही सोडलं तुम्ही. जबडा बघा.'

मला हसू आलं.
तिच्या निळ्या मॅटवर व्हायचं ते झालं.
तिनं टिश्यू दिला, नजर नाही वळवली.
'होतं. त्याचसाठी तर आलात.'

आवळणं मला दोन दिवसांत जमलं.
सोडायला तीन आठवडे लागले.
लेकीच्या सासरची माणसं याद्या करायला बसली होती,
तेव्हा जे दात आवळले
ते पुन्हा उघडल्याचं मला आठवत नाही.

आणि झळा? मी विचारलं.
रात्री अडीचला मानेवरून भट्टी जाते ती?
'त्या यानं जाणार नाहीत. खोटं नाही सांगत.
त्यांच्यासाठी डॉक्टरांना भेटा.'
हे वाक्य मला आवडलं.
तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाचं वाक्य.

आता त्र्यंबक नाक्याला सिग्नल लागला
की लाल आकडे उतरतात आणि मी चढते.
कंडक्टर सुट्टे मागतो, मी सातवर असते.
थांब बाबा. आठ. नऊ.
त्याला वाटतं, काकू पैसे मोजतायत.

घरी शंभर पानी वही.
पहिला आठवडा: शिंका नऊ, नऊही नापास.
पाचवा: वही सापडली नाही.
अकरावा: शिंका सहा, नापास दोन.
लाल टिकली अजून पूर्ण निघालेली नाही.

मग एका रात्री, भट्टी येऊन गेल्यावर,
गच्ची आठवली. पाण्याच्या टाकीमागे
आईच्या जुन्या लुगड्याच्या चौकोनी घड्या वाळत.
पाळी जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेली.
आम्हाला वाटायचं, सवय.
बायकांबरोबर गंगेवर जाणं तिनं सोडलं,
गुडघे दुखतात म्हणाली.
गुडघे ठणठणीत होते.

काल शेडमध्ये घुगेबाई खोकली.
टाकीची कड धरली. पाय आवळले.
मी हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला,
तिच्या कानाशी गेले, सगळं सांगितलं, नावासकट.
ती म्हणाली, अगं हळू!
म्हटलं, कॉम्प्रेसर चालू आहे, कोण ऐकतंय.
आत. आणि वर.
जबडा सोड आधी.